पाठिंब्याचं पत्र

“चहा नंतर. आधी तुम्हाला काय विचारायचंय ते विचारा,” उमेदवार म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

परिचारिका संघटनेची कचेरी म्हणजे इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून असलेली एक खोली. भिंतीपलीकडे चादरी पिळायचं यंत्र सुरू झालं की टेबलावरचं पेन आपोआप घरंगळायला लागे. टेबलाच्या अलीकडे तिघी बसल्या होत्या. मधे संघटनेच्या अध्यक्षबाई, निवृत्त मेट्रन. त्यांच्या उजव्या हाताला प्रसूती विभागातली एक सिस्टर, जिच्या आवाजामुळे सगळे तिला तोफ म्हणत. आणि डाव्या हाताला थोरली.

थोरलीला सगळं इस्पितळ याच नावानं ओळखायचं. दोघी सख्ख्या बहिणी एकाच इस्पितळात सिस्टर, म्हणून एक थोरली सिस्टर आणि एक धाकटी सिस्टर. धाकटी नोकरी सोडून गेली त्याला आठ वर्षं झाली होती, पण थोरलीचं थोरलेपण काही सुटलं नव्हतं.

विधानसभेच्या निवडणुकीत संघटनेनं पाठिंबा कुणाला द्यायचा, हे या तिघींनी ठरवायचं होतं. मागणी एकच: एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण, याचा कायदा झाला पाहिजे. सध्याच्या आमदारांनी तो प्रस्ताव दोनदा हाणून पाडला होता. दुसऱ्या उमेदवारानं संघटनेच्या पत्राला साधं उत्तरही धाडलं नव्हतं. उरले हे डॉक्टर, एके काळी याच इस्पितळाचे अधीक्षक.

अध्यक्षबाईंनी विचारलं आणि डॉक्टर बोलत गेले. बोलले चांगलं. आकडे त्यांना तोंडपाठ होते.

“वीस वर्षं वॉर्ड बघितलेत मी,” ते म्हणाले. “एका सिस्टरच्या गळ्यात चाळीस पेशंट टाकायचे आणि एखादा दगावला की तिलाच धरायचं, हा अन्याय आहे. मी निवडून आलो तर पहिलं काम हेच.”

तोफेनं समाधानानं मान हलवली. थोरली लिहायची थांबली.

नऊ वर्षांपूर्वीची ती दुपारपाळी. पुरुषांच्या वॉर्डात त्रेचाळीस रुग्ण. जोडीच्या सिस्टरला अपघात विभागात बोलावून घेतलेलं, त्यामुळे धाकटी एकटी. वॉर्डाच्या एका टोकाला एकाला रक्ताची उलटी झाली, तिथं ती त्याला सावरत होती. दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याची ऑक्सिजनची नळी निसटली. ती धावत पोचली तेव्हा काही उरलं नव्हतं. चौकशी झाली. अधीक्षकांनी अहवालात लिहिलं की परिचारिकांची संख्या पुरेशी होती, मृत्यू निष्काळजीपणामुळे झाला. अकरा महिने निलंबन झालं, मग कुणीतरी समजावलं, राजीनामा दे, म्हणजे प्रकरण मिटेल. तिनं दिला. ते अधीक्षक म्हणजे हेच डॉक्टर.

“मला एक विचारायचंय,” थोरली म्हणाली. आवाज तिनं नेहमीसारखाच ठेवला, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना असतो तसा. “पुरुषांच्या वॉर्डातल्या ऑक्सिजनच्या प्रकरणात तुम्ही अहवाल लिहिला होतात. आठवतं?”

डॉक्टरांनी जरा आठवून पाहिलं. “हो. होतं तसं एक प्रकरण. त्या सिस्टर कोण बरं...”

“माझी धाकटी बहीण.”

पलीकडचं यंत्र थांबलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“खरं सांगू? वरून दबाव होता,” ते म्हणाले. “वॉर्डात माणसं कमी होती असं लिहिलं असतं तर माझ्यासकट सगळे अडकले असते. कुणाच्या तरी नावावर ते जाणारच होतं. तेव्हा मला तेवढं धैर्य झालं नाही. आज मी जे बोलतोय ते त्यातूनच बोलतोय, विश्वास ठेवा अगर ठेवू नका.”

“मग आत्ता जे बोललात ते लिहून द्याल?”

“निवडणुकीच्या आधी नाही देता येणार, सिस्टर. विरोधक नेमकं तेच धरून बसतील. मग कायदाही गेला आणि सगळंच गेलं. नंतर बघू.”

“नंतर बघू म्हणजे काय, ते आम्हाला कळतं, डॉक्टर. आम्ही रोज कुणाला तरी तसंच सांगतो.”

चहा आला, पण कुणी घेतला नाही.

डॉक्टर गेल्यावर तोफेनं पहिल्यांदाच आवाज खाली आणला. “मला माहीत नव्हतं गं, की अहवाल यांनीच लिहिलेला. पण दुसरं आहे कोण? दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच आपल्या हातात आहे.”

पत्रावर तिघींच्याही सह्या लागत. अध्यक्षबाईंनी कागद थोरलीपुढे सरकवला नाही. तो त्यांनी फायलीत ठेवला आणि म्हणाल्या, “उद्यापर्यंत सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर या वेळी कुणालाच पाठिंबा नाही. मी कुणाला कारण सांगणार नाही.”

धाकटी आता शाळेच्या बसवर मदतनीस होती. मुलांना चढवायचं, उतरवायचं, मोजायचं. ती तीनतीनदा मोजायची. ड्रायव्हर म्हणायचा, “बाई, पोरं काय वाटेत विरघळतात का?” ती हसायची आणि पुन्हा मोजायची. बसमधली पोरं तिच्यावर जीव टाकत.

दोघी बहिणी एकत्र राहत. थोरलीनं लग्न केलं नव्हतं. धाकटीचा नवरा लवकर गेला होता. त्या संध्याकाळी थोरली घरी आली तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. थोरलीनं पाय धुतले, समोर बसली, एक मूठ शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

धाकटी सोलत राहिली. मग म्हणाली, “दबाव होता म्हणाले?”

“हो.”

“तोंडानं म्हणाले? सगळ्यांसमोर?”

“तिघींसमोर.”

“नऊ वर्षं मी रोज स्वतःला विचारत आले, ताई, की मी आधी कुणाकडे धावायला हवं होतं. आणि यांना तेव्हाच माहीत होतं.” तिनं एक कुजकी शेंग बाजूला टाकली. “सही कर.”

“तू मनापासून सांगतेस?”

“मनापासून कशाला सांगू? पण आत्ता या घटकेला एखादी पोरगी वॉर्डात एकटीच असेल. तिच्यासाठी कर.”

थोरलीनं बहिणीच्या हातावर हात ठेवला. धाकटीनं तो झिडकारला नाही, पण शेंगा सोलायच्या म्हणून आपला हात हळूच काढून घेतला.

“फक्त एक ऐक,” ती म्हणाली. “तू बरोबरच करते आहेस. तरी मला या घरात त्यांचं नाव नको. सभा, पत्रकं, काही सांगू नकोस मला.”

दुसऱ्या दिवशी थोरलीनं सही केली. पण नुसत्या सहीवर भागलं नाही. आठवड्यानं मोठ्या सभेत पत्र उमेदवाराच्या हाती द्यायचं ठरलं आणि अध्यक्षबाईंचे गुडघे नेमके त्याच दिवशी रुसले. तोफ व्यासपीठावर गेली तर पत्र देण्याऐवजी भाषणच ठोकेल, म्हणून थोरलीला गणवेशात उभं राहावं लागलं. डॉक्टरांनी दोन्ही हात जोडले, पत्र घेतलं. ते तिच्या डोळ्यांत बघत होते आणि ती त्यांच्या कोटाच्या गुंडीकडे. फोटोवाल्यानं हसायला सांगितलं. नोकरीत तीस वर्षं हसून दाखवलं होतं, तशी ती हसली.

तो फोटो पेपरात आला. धाकटीनं तो बसच्या थांब्यावर, ड्रायव्हरच्या हातात पाहिला. घरी आल्यावर तिनं भाकऱ्या थापल्या, थोरलीला गरम गरम वाढल्या, ओटा पुसला. त्या दिवसापासून ती अंथरूण मात्र पुढच्या खोलीत घालायला लागली. तिथं वारा बरा येतो, म्हणाली. आतल्या खोलीत दोघींची अंथरुणं, लहानपणी असत तशी, शेजारी पडत आलेली. खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं, आणि वारा त्या खोलीत खरंच बरा येत होता.

डॉक्टर निवडून आले, थोडक्या मतांनी. कायद्याचा शब्द त्यांनी पाळला, हे कबूल करायलाच हवं. सव्वा वर्ष ते सभागृहात भांडले, आपल्याच पक्षाच्या लोकांशीही भांडले. कायदा झाला. पुरुषांच्या वॉर्डात एका पाळीला तिघी जणी आल्या. पहिल्या दिवशी एका नव्या मुलीनं रुग्णाजवळ स्टूल ओढून, बसून, त्याला चार घास भरवले. थोरली दारात उभी राहून ते बघत राहिली. वॉर्डात सिस्टर बसलेली तिनं आजवर पाहिली नव्हती.

दुसऱ्या शब्दाचं, लिहून द्यायच्या त्या ‘नंतर बघू’चं काय झालं, तेही सांगायला हवं. थोरलीनं आमदारांना दोन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला इस्पितळाच्या कचेरीतून एक टाइप केलेली ओळ आली: सदर प्रकरणाची फाईल उपलब्ध नाही. ती चिठ्ठी तिनं धाकटीला न दाखवता कपाटात कपड्यांखाली सारली.

नव्या कायद्यामुळे माणसं कमी पडायला लागली. नोकरी सोडून गेलेल्या सिस्टरनी पुन्हा अर्ज करावेत, असं पत्रक निघालं. थोरली अर्ज घेऊन घरी आली आणि बोलायचं नाही ठरवलेलं सगळं एका दमात बोलून गेली.

धाकटीनं अर्ज हातात घेतला. चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. मग पेन मागितलं. नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक. क्रमांक तिला अजून पाठ होता. नवव्या रकान्यापाशी ती थांबली. पूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय? असल्यास तपशील.

“नाही लिही,” थोरली म्हणाली. तिनं उठून कपाटातली चिठ्ठी काढली आणि बहिणीपुढे ठेवली. “फाईलच नाही म्हणतात. कागदावर काही घडलेलंच नाही. कोण बघणार आहे? होय लिहिलंस तर पहिल्याच टेबलावर अर्ज बाजूला काढतील, मला माहीत आहे.”

धाकटीनं चिठ्ठी वाचली. घडी घालून परत दिली.

“मलाही माहीत आहे,” ती म्हणाली. “पण माणूस तर गेला ना, ताई.”

तिनं रकान्यात ‘होय’ लिहिलं. तपशिलाला जागा जेमतेम दोन ओळींची होती. रिपोर्टाच्या वहीत लिहायची तशा बारीक, सरळ अक्षरात तिनं तारीख, वॉर्ड आणि वेळ लिहिली. मग ‘रुग्ण त्रेचाळीस, मी एकटी’ असं लिहिलं. उरलेल्या जागेत तिनं त्या म्हाताऱ्याचं नाव लिहिलं, त्याचं, त्याच्या वडिलांचं आणि आडनाव, आणि शाई वाळेपर्यंत थोरलीला कागदाला हात लावू दिला नाही.