चिठ्ठीबाहेरची रेघ

खुर्शीद पेंटरांच्या दुकानात एकच कायदा चालायचा. गिऱ्हाईक चिठ्ठीत लिहून देईल तेवढंच पाटीवर उतरवायचं, चिठ्ठीबाहेर एक रेघ नाही. त्यांना स्वतःला इंग्रजी वाचता येत नसे, पण अक्षर असं काढायचे की चंद्रपुरात चालता माणूस थबकावा. त्यांच्या लेकीला, निशातला, इंग्रजी चांगलं येत होतं आणि ते लपवून ठेवायची तिला अजिबात सवय नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात अब्बांनी तिच्या हाती पहिल्यांदा अख्खी पाटी दिली. तोवर ती नुसते रंग भरायची. "गिऱ्हाइकानं घेतली तर ब्रश तुहा. परत केली तर रंगच भरत राह्य," त्यांनी सरळ सांगून टाकलं.

पाटी मोहर्लीच्या लटारूभाऊंची होती. सफारीच्या पाहुण्यांसाठी त्यांनी धानाच्या बांधीशेजारी चार खोल्या काढल्या होत्या. चिठ्ठीत इंग्रजीत लिहिलं होतं, वाघ आणि त्याचं जंगल. त्यातल्या 'इट्स'मध्ये टी आणि एसच्या मधोमध वर एक शेपटीवालं टिंब. निशातनं नाक मुरडलं. टिंब दिलं की त्याचा अर्थ 'इट इज' होतो. वाघ आणि ते आहे जंगल? असली पाटी आपल्या हातून? कॉलेजात 'युअर' आणि 'यू आर'चा घोळ घालणारा अर्धा वर्ग तिच्याच वह्या मागायचा. तिनं टिंब खुशाल गाळलं.

लटारूभाऊंनी चिठ्ठी पाटीला भिडवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. "पोरी, इथचं टिंब कुठी गेलं?"

"ते चुकीचं होतं, भाऊ."

"चुकीचं काऊन? नाक्याजवळ सफारीच्या जिप्सीवाल्यायची मोठी पाटी आहे, तिच्यावरून उतरवलं म्या. खाली तुह्या बापाचंच नाव आहे. मले नाई पाह्यजे हे पाटी."

निशातचा ब्रश तर गेलाच. आता स्वतःला खरं ठरवायचं तर अब्बांना गिऱ्हाइकासमोर खोटं पाडावं लागणार होतं. तिनं पाटी परत घ्यायला हात पुढं केला.

अब्बांनी हातातला डबा खाली ठेवला.

"लटारूभाऊ, जिप्सीवाल्यायच्या चिठ्ठीत ते टिंब नव्हतंच," ते म्हणाले. "टी आन् एसच्या मधी खड्डा दिसत होता. दुसऱ्या एका पाटीवर तसं टिंब पाह्यलं होतं, मस्त दिसे. म्हून देल्लं ठोकून. पोरगी म्हणते तेच खरं."

लटारूभाऊ पोट धरून हसले आणि पाटी उचलून गाडीत घातली. निशातला मात्र हसू येईना. वीस वर्षांचा कायदा आपणच मोडल्याचं अब्बांनी तिच्यासाठी गिऱ्हाइकासमोर कबूल केलं होतं, आणि तिला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहर्लीच्या नाक्यावर जिप्सीवाल्यांच्या पाटीला लावलेली शिडी अब्बांनी धरली आणि निशात वर चढली. तिनं टिंबावर पाटीचा पिवळा रंग फिरवला.

"खड्डा दिसून राह्यला," अब्बा खालून कुरकुरले.

"दिसू द्या."

"बरं. आता माह्या नावापुढं तुहं नाव घाल."

"चिठ्ठीत कुठी आहे, अब्बा?"

"नाई ना," ते म्हणाले. "तरी घाल."