दुसरी सावली

ती सिरियल तुम्ही पाहिली नसेल तर सुटलात. तिच्यातला हीरो महान चित्रकार असतो. केस मोकळे सोडून तो कॅनव्हाससमोर उभा राहतो, डोळे मिटतो, ब्रश भलत्याच जागी धरतो, आणि मागे बासरी वाजायला लागली की समजायचं, झाला मास्टरपीस. ते मास्टरपीस मी काढतो. प्रणय भोईर, राहणार खारी गाव, भाईंदर पूर्व. शेवटी नावं धावतात त्यांत चहावाल्याचंसुद्धा नाव आहे, माझं नाही.

हे काम मला परागनं दिलं. पराग माझा कॉलेजचा मित्र, आता वरसावेच्या स्टुडिओत त्या सिरियलचा आर्ट डायरेक्टर. त्यानं उपकार केले असं त्याला वाटतं, आणि खरं सांगायचं तर केलेच. त्याआधी मी बरीच वर्षं नुसता 'चित्रकार' होतो, म्हणजे काय ते घरच्यांना विचारा.

हंसाबेन राहायला भाईंदर वेस्टला, पण तिची गॅलरी मुंबईत. पहिल्यांदा चित्रं घेऊन गेलो तेव्हा तिनं ती नीट, वेळ देऊन बघितली आणि म्हणाली, "हाथ अच्छा है, प्रणयभाई. पर ये किसका है?"

"मेरा," मी म्हणालो.

ती हसली असती तर मला राग तरी धरता आला असता. ती उठली, कपाटातून जाडजूड पुस्तकं काढली आणि पानं उघडून माझ्या चित्रांशेजारी ठेवत गेली. हे आकाश इथलं. ही बाई इथली. हा निळा तर सरळसरळ इथला. मी त्यातली अर्धी पुस्तकं पाहिलीही नव्हती, पण ती म्हणत होती ते खरं होतं आणि मला ते दिसत होतं. त्यानंतर मी निसर्गचित्रं सोडली आणि नुसते आकार काढू लागलो. मग तेही सोडून कागद चिकटवले, पत्रा ठोकला. उत्तनहून फाटकी जाळी आणून कॅनव्हासवर शिवली, कोळ्याचा नसूनही. दर वेळी हंसाबेनकडे एक पुस्तक तयार असायचं. चाळिशी उलटली. ब्रश हातात घेतला की मला माझीच किळस यायची, कारण समोर जे उमटायचं ते कुणाचंतरी उष्टं असणार हे आधीच माहीत असायचं.

मग सिरियल चालू असताना एकदा परागचा फोन आला. "प्रण्या, उद्या संध्याकाळपर्यंत मास्टरपीस पाहिजे. हीरोची आई मेलीय. तो तिचं चित्र काढतो आणि सगळं शहर वेडं होतं."

"शहर वेडं होईल असं? उद्यापर्यंत?"

"टीव्हीवर आहे रे. म्युझिक लावलं की होतं वेडं."

आमचं खारी आता चारी बाजूंनी टॉवरांत बुडालंय. पूर्वेच्या टॉवरनं सकाळचं ऊन अडवलं त्याला बरीच वर्षं झाली. पण पश्चिमेला नवा टॉवर उठला, सगळा काचेचा, आणि तेव्हापासून आमच्या ओट्यावर सकाळचं ऊन मावळतीकडून येतं. मग थोड्या वेळानं खरा सूर्य दोन इमारतींच्या फटीत पोचतो आणि तेवढा वेळ आमच्याकडे प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात. एक काळी, सरळ, आणि दुसरी तिच्या उलट दिशेला पडलेली, फिकट पिवळट, खिडक्यांच्या चौकटींनी तुकडे केलेली.

आई ओट्यावर सूप घेऊन जवळा निवडत बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या होत्या, जणू दोघी कुणीतरी तिच्याजवळ येऊन बसल्या होत्या आणि ती त्यांच्याकडे लक्ष देत नव्हती.

"मना काय बघतस?" आई म्हणाली. "जवला निवडाचा हाय मना."

मी ते काढलं. सिरियलचाच जुना कॅनव्हास होता, वर पांढरा मारला आणि बसलो. त्यावर माझं नाव येणार नव्हतं, हंसाबेन ते बघणार नव्हती, टीव्हीत ते क्षणभर दिसून जाणार होतं. म्हणून हात मोकळा सुटला असावा. मी कसलाच विचार केला नाही. दुपारी जेवायलाही उठलो नाही. संध्याकाळी परागचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि ते घेऊन गेला, आणि मी आंघोळ करून झोपलो. इतका गाढव मी.

महिनाभरानं हंसाबेनचा फोन आला. तिची सासू ती सिरियल बघते. "वो माँ की पेंटिंग किसकी है?" तिनं विचारलं.

"मेरी."

ह्या वेळी कपाट उघडल्याचा आवाज आला नाही. मग म्हणाली, "ओरिजिनल ले आओ. मुझे हाथ में लेके देखना है. मैं दीवार खाली रखती हूँ."

ओरिजिनल प्रॉडक्शनच्या मालकीचं, त्यांच्या गोडाऊनमध्ये. काढलेलं सगळं त्यांचं, असं मी सही करून दिलेलं होतं. मला वाटलं त्यात काय, माझंच आहे, पुन्हा काढीन. आईला त्याच वेळी, त्याच जागी बसवलं. जवळा आणला. दोन्ही सावल्या पडल्या. काढलं आणि हंसाबेनकडे गेलो. तिनं ते भिंतीला टेकवलं, लांब जाऊन बघितलं.

"ये नकल है," ती म्हणाली. "और किसकी है, वो भी इस बार मुझे पता है. ओरिजिनल लाओ, प्रणयभाई."

त्यानंतरच्या महिन्यांत मी वेड लागल्यासारखा काढत राहिलो. दोन सावल्यांची सायकल, दोन सावल्यांचा माठ, दोन सावल्यांचं सगळं गाव. सगळी मेलेली. आई सूप घेऊन बसायला कंटाळली आणि एके दिवशी सरळ म्हणाली, "माज्या त्वांडाव काय ऱ्हायलंय का तुजं?" ते एक चित्र मिळालं नाही तर मी कुणीच नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आणि मग सिरियल बंद व्हायची बातमी आली. मी परागकडे धावलो.

"शेवटच्या एपिसोडला हीरो ते चित्र जाळतो," पराग म्हणाला. माझा चेहरा बघून त्यानं घाईघाईनं हात धरला. "थांब, ऐक. ओरिजिनल नाही जाळत आपण. तू तीन कॉप्या काढ, रीटेक लागतात ना. कॉप्या जाळू, आणि ओरिजिनल तू गुपचूप घेऊन जा. गोडाऊन रिकामं करायचंच आहे, कोण विचारतो?"

मी त्याच्या गळ्यात पडायचाच बाकी होतो. गोडाऊनमध्येच ओरिजिनल समोर ठेवून तीन कॉप्या काढल्या, मन लावून. रेषेला रेष, डागाला डाग, शेजारी ठेवल्या तर कुणाला ओळखू येणार नाही अशा. हंसाबेनला फोन करून सांगितलं की शूटिंग झालं की घेऊन येतो.

शूटिंगच्या दिवशी सेटवर गोडाऊनमधून एकत्रच आलेली चारही चित्रं भिंतीला लावून ठेवली होती. मी ओरिजिनल टोकाला ठेवलं होतं, वर चादर टाकून. डायरेक्टर जयकुमार आला. बोलतो कमी, सिगारेट ओढतो जास्त, सिरियल बंद पडल्यामुळे वैतागलेला. त्यानं स्वतःच चादर काढली. एकेका चित्रासमोर उभा राहिला. मग परत पहिल्यापासून फिरला. सेटवरचे लोक घड्याळ बघायला लागले.

"ये," त्यानं ओरिजिनलवर बोट ठेवलं. "इसको जलाएंगे. बाकी तीनों में कुछ नहीं है."

पंधरा वर्षं मी ह्या एका वाक्याची वाट बघितली होती. कुणीतरी माझ्या चित्रासमोर थांबावं आणि म्हणावं, ह्यात काहीतरी आहे. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या क्षणी कळलं, जळणार तेही हेच.

"सर, चारों सेम हैं," पराग म्हणाला.

"सेम हैं तो कोई भी जलाओ. ये जलाओ."

मी मध्ये पडलो. "सर, वो मेरी है. ओरिजिनल है. मुझे ले जाना है. बाकी में से कोई भी लीजिए ना, प्लीज."

जयकुमारनं माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "तुमने बनाई है?"

"हाँ सर."

"बहुत अच्छी है," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "पर क्लोजअप है भाई. ये आदमी अपनी माँ को जला रहा है. मरी हुई चीज़ जलाऊँगा तो लोगों को क्या लगेगा?" मग त्यानं कॉप्यांकडे हात केला. "तुमने ही बनाई ना? तो ये ऐसी क्यों नहीं बनी?"

पराग माझ्याकडे बघेना.

"मला लंचपर्यंत वेळ द्या," मी म्हणालो, मराठीतच, भान नव्हतं. "सर, लंच तक. एक ऐसी बनाता हूँ."

त्याला दया आली असावी. हीरोलाही जेवायचं होतं. "लंच तक," तो म्हणाला.

मी सेटच्या मागे, प्लायवूडच्या भिंतीआड बसलो. ओरिजिनल समोर, बाजूला कॉपी, ताटलीत रंग. काय कमी आहे ते शोधायचं आणि घालायचं, एवढंच काम. आईची मान जरा अधिक वाकवली, ती दुखल्यासारखी दिसू लागली. परत सरळ केली. सुपावरचा हात पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. दुसरी सावली ओरिजिनलमध्ये इतकी पातळ होती की कॅनव्हास जवळजवळ उघडाच राहिलेला. मी कॉपीतली सावली ओल्या फडक्यानं घासून काढली तर ती डागासारखी झाली. मग दुसरी कॉपी घेतली. घाम कॅनव्हासवर गळत होता. मी आईला हाक मारली, खरंच मोठ्यानं मारली, आणि पलीकडे जेवत बसलेली मेकअपवाली डबा हातात घेऊन डोकावून गेली. अरे, मीच काढलंय ना ते? ह्याच हातानं? मग हा हात मला का सांगत नाही कसं काढलं ते? मी हात मांडीवर आपटला. रडू यायला लागलं तसं मी तिसरी कॉपी ओढली आणि तिचीही वाट लावली.

जयकुमार आला तेव्हा त्यानं काही विचारलं नाही. तिन्ही बघितली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नहीं हुआ," तो म्हणाला, जवळच्या माणसाला सांगावं तसं.

ओरिजिनल घेऊन पळावं असं वाटलं. गेट पलीकडेच होतं, घोडबंदर रोडला कुठलीही रिक्षा मिळाली असती. पण परागनं ते उचललं होतं, त्याची नोकरी होती, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

आगीचं काम बघणारा माणूस जवळ आला. "पेंटर साब, कहाँ से जल्दी पकड़ेगा? एक ही टेक है, बीच में बुझना नहीं चाहिए."

मी बोट दाखवलं. "यहाँ से. यहाँ रंग पतला है." दुसऱ्या सावलीवर. का सांगितलं ते मला आजही माहीत नाही. अर्धवट जळलेलं बघवलं नसतं म्हणून असेल.

हीरोनं काडी लावली. सावली आधी तपकिरी झाली, मग तिथं भोक पडलं, आणि आईकडे आग सरकायला लागली. बासरी नव्हती, ती नंतर घालणार होते. नुसता कॅनव्हासचा चरचर आवाज. हीरो खरोखर रडला. जयकुमार मॉनिटरसमोरून उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "कट. ओके," तो म्हणाला, आणि अख्ख्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परागनं तिन्ही कॉप्या उचलून रिक्षात ठेवल्या. रिक्षा वरसावेच्या सिग्नलला थांबली तेव्हा हंसाबेनचा फोन आला.

"प्रणयभाई, ला रहे हो ना? कील ठोंक के रखी है."

"जल गया," मी म्हणालो, आणि जे झालं ते सगळं सांगितलं. तिनं मध्येच तोडलं नाही. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, कॉप्या माझ्या गुडघ्यांवर आपटू लागल्या.

"बहुत बुरा हुआ," ती शेवटी म्हणाली. "पर इसमें रोना क्या? दूसरा बनाओ. तुम्हारा ही था ना?"

हो म्हणायचं होतं. जन्मभर ह्याच एका प्रश्नाला हो म्हणता यावं म्हणून मी तडफडलो होतो. फोन कानाला होता, हंसाबेन थांबली होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.