दाराशी उतरवलेला ओव्हरकोट

१९९० सालचा ऑगस्ट. कुवेतचा ऐन उन्हाळा. राजधानीतल्या दस्मान भागातल्या एका खोलीत खुंटीवर लटकलेला मी लोकरी ओव्हरकोट बोलतोय. हसू नका. मला या उन्हासाठी शिवलेलं नाही.

माझा जन्म एस्टोनियातल्या तार्तूचा. शिंप्याने दुहेरी अस्तर लावलं. मालक तोइवो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचा. मी रोज त्याच्याबरोबर जायचो, पण वर्ग कधी पाहिला नाही. तिकडची रीतच तशी. ओव्हरकोट दाराशी उतरवायचा. आत जायचं ते तपकिरी जाकीट. कोपरांवर ठिगळं, तरी तोरा केवढा! खडूची पूड मिरवत बाहेर यायचं. ते मला डोळ्यांसमोर नको व्हायचं.

पुढे तोइवो राजकारणात पडला. भर बर्फात, चौकात उभा राहून सोव्हिएत संघापासून देशाच्या स्वातंत्र्यासाठी बोलायचा. तेव्हा लोकांना दिसायचो तो मी. जाकीट आत गुदमरायचं. मला बरं वाटायचं.

मग खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायचं शास्त्र शिकवायला तो कुवेतला आला. इथे एसीच्या गारव्यातही जाकीटच. मी खुंटीला.

त्याच ऑगस्टात इराकचं सैन्य शिरलं. दस्मानला गोळीबार सुरू झाला. कॉलेजची गाडी चालवणारा रत्नागिरीचा यूनुस धावत आला आणि तोइवोला आपल्या घरी घेऊन गेला. मी तोइवोच्या खांद्यावर. यूनुसची बायको ताहिरा बघतच राहिली.

"अवो, ह्यो कोट हाय का अस्वल?"

"सरांचं अस्वल हाय. गप ऱ्हा, चावंल."

घरात तांदूळ थोडा. तरी पहिलं ताट तोइवोचं. परक्या माणसाला त्या घराने असं सांभाळलं.

शेवटी तोइवोची मायदेशी परत जायची सोय झाली. पिशवी एकच न्यायची होती. तोइवोने जाकीट चढवलं.

"यूनुसभाई, गावचे लोक मला निवडणुकीला उभं करतायत. निवडून आलो तर सभागृहात बसेन." त्याने मला यूनुसच्या हातात दिलं. "तुमचं ऋण मोठं आहे. द्यायला एवढंच आहे."

"सर, हा घालून मी कुवेतमध्ये जाऊ कुठं?" यूनुस हसला.

जाकीट सभागृहात बसणार आणि मी पलंगाखाली. पडल्या पडल्या जळत राहिलो.

१९९१चा फेब्रुवारी आला. इराकी सैन्याला हुसकायचं युद्ध पेटलेलं. वीज गेलेली. स्फोटांच्या हादऱ्यांनी खिडकीच्या काचा फुटलेल्या. गार वारा सरळ आत. ताहिरा घरातच बाळंत झाली. शेजारची नर्स वीणा मदतीला होती.

"यूनुसभाई, पोरगी गार पडतेय. एवढ्या पांघरुणाने भागणार नाही. जाड काही आहे का?"

यूनुस कपाट उपसू लागला. ताहिराच पुटपुटली, "अवो, ते अस्वल काढा."

वीणाने मुलीला आईच्या छातीशी ठेवलं आणि दोघींवर मला घट्ट लपेटलं. वारा पाठीवर आदळत होता. मी अस्तरातून तो शिरू दिला नाही. मला कोणी दाराशी उतरवलं नव्हतं. मी आत होतो.

मुलीचे तळवे ऊबदार झाले. तिने भोकाड पसरलं.

"रडू दे," वीणा म्हणाली. "आता भीती नाही."

तोइवोवर या घराचं जे ऋण होतं, ते फिटलं.