माझ्या तोटीतली निळी लोकर

माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने ‘रॉकेल’ असं लिहिलं आहे. अक्षर वळणदार आहे, पण मजकूर साफ खोटा आहे. मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे आणि माझा जन्म कॉफीसाठी झाला.

जाड पत्रा, लाकडी मूठ, आणि कपात चोथा येऊ नये म्हणून तोटीच्या मुळाशी सात बारीक भोकं, अशी मला घडवलेली. पण दुकानात दोन वर्षं मी धूळ खात पडले होते. एक दिवस एक तरुण आला. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं, झाकण वाजवलं आणि म्हणाला, “ही ताईला आवडेल.” त्या एका वाक्यापायी मी त्याला पुढे किती जीव लावला, काय सांगू!

ताई डोंगरातल्या वाटा दाखवायचं काम करी. शहरातली मंडळी येत आणि ती त्यांना दोन दिवसांत डोंगर चढवून सुखरूप खाली आणी. हा धाकटा भाऊ सामान वाही. मी त्याच्या पाठीवरच्या पिशवीला टांगलेली असे. त्याच्या प्रत्येक पावलागणिक माझं झाकण वाजे आणि मला वाटे, आपण दोघं गप्पा मारत चाललो आहोत.

माणसं दमून खिंडीत पोहोचली की ताई आधी दगडांचा आडोसा रची, कारण उघड्या वाऱ्यात स्टोव्ह नुसता रॉकेल पितो आणि पाणी कोमटच राहतं. उकळी फुटली की मला खाली उतरवी, पण कॉफी लगेच टाकत नसे. उकळी पुरती शमू देई. “खळखळत्या पाण्यात टाकली की कॉफी चिडते,” असं ती म्हणे. मग जाडसर दळलेली कॉफी, चमच्याचा एकच फेरा, वर झाकण, आणि मनातल्या मनात एक गाणं म्हणून होईपर्यंत गप्प बसायचं. शेवटी वरून चमचाभर गार पाणी शिंपडायचं, म्हणजे चोथा तळाशी बसतो. लोक म्हणत, “वाट विसरू, पण ही कॉफी विसरणार नाही!” मी फुगून जाई. ताई मात्र स्वतःचा कप सगळ्यांत शेवटी भरी. पाहुण्यांच्या आधी घोट घ्यायचा नाही, हा तिच्या आईने घालून दिलेला नियम होता.

त्याच नियमाने एकदा घात केला.

एका गिर्यारोहण मंडळाचे प्रमुख आले होते. ताईचं काम पसंत पडलं तर मोसमभराच्या सगळ्या सहली तिला मिळणार होत्या. पहिल्या दिवशी ती मंडळींना घेऊन पुढे निघाली आणि धाकटा सामान घेऊन मागून येत होता. अर्ध्या वाटेत त्याला आठवलं, रॉकेलचा डबा घरीच राहिला. शेवटच्या दुकानात रॉकेल मिळालं, पण न्यायचं कशातून? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात नको नको म्हणत होते. त्याने मला काठोकाठ भरलं, आणि सांडू नये म्हणून गळ्यातल्या निळ्या मफलरचं उसवलेलं टोक कापून माझ्या तोटीत कोंबलं. तो मफलर ताईनेच विणलेला होता.

मुक्कामावर त्याने गुपचूप स्टोव्ह भरला, बोळा उपसून टाकला आणि ओढ्यावर मला साबणाने दोनदा धुतलं. मला वाटलं, आता हा ताईला सांगेल. एवढंच तर सांगायचं होतं.

त्याने सांगितलं नाही. सकाळी ताईने स्टोव्ह पेटवला. शेजारीच रॉकेलचा वास, त्यात माझा वास तिला वेगळा कळला नाही. माझ्या तोटीतून कॉफी बारीक धारेने येत होती, तेही तिला पाहुण्यांशी बोलण्याच्या नादात जाणवलं नाही. प्रमुखांनी पहिला घोट घेतला आणि थुंकून टाकला.

“अहो बाई, हे रॉकेल आहे!”

ताईने धाकट्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मित्रांनो, तेव्हा तो काय म्हणाला ते मी अजून विसरलेले नाही.

“ताई, स्टोव्ह पेटवून हात न धुताच कॉफी केलीस ना? हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही.”

ताईने हात नाकाशी नेले. स्टोव्ह पेटवणाऱ्याच्या हाताला रॉकेलचा वास येणारच! पण तिला ते पटलं. “माझंच चुकलं,” ती म्हणाली. सहली मंडळाने धाकट्याला दिल्या आणि त्याने त्या घेतल्याही. गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

पुढे ताईने डोंगर सोडला. घरी कपाला हात लावण्याआधीही ती चार चार वेळा हात धुई. धाकट्याने माझ्या पोटावर ते अक्षर काढलं आणि मला पडवीत ठेवून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात ताई माझ्यातून स्टोव्हमध्ये रॉकेल ओतत होती. धार अडली म्हणून तिने तोटीत विणायची सुई घातली. भोकांत अडकलेला निळ्या लोकरीचा पुंजका बाहेर आला. तिने तो तळहातावर धरला आणि पुटपुटली, “त्या सहलीपासूनच त्याचा मफलर आखूड आहे.”

संध्याकाळी धाकटा सहलीवरून आला. गळ्यात तोच मफलर होता, एका बाजूने आखूड. ताईने पातेल्यात कॉफी केली, कप त्याच्यापुढे ठेवला आणि बशीत तो पुंजका.

“हे काय?”

“तुझ्या मफलरचं टोक. किटलीच्या तोटीत होतं.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “ताई, मी सांगणारच होतो गं...”

“आठ महिने मी हात धुतेय रे,” ताई म्हणाली.

तो कॉफी न पिताच उठून गेला.

मित्रांनो, हातून चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. ओरडा बसेल, बसू दे. पण तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाला स्वतःच्याच हातांची शंका येईल असं कधी करू नका. आणि भांड्यावर काही लिहिण्याआधी त्याला एकदा हुंगून तरी बघा.

दुसऱ्या दिवशी ताईने मला सोड्याने घासलं, माझ्यात तीनदा पाणी उकळलं आणि उन्हात ठेवलं. आता मला कसलाच वास येत नाही. काल तिने माझ्यात एक कप कॉफी केली आणि पहिला घोट स्वतः घेतला. पोटावरचं अक्षर मात्र तिने पुसलं नाही. म्हणाली, “ज्याने लिहिलं, त्यानेच पुसावं.”

तो अजून आलेला नाही.