कोऱ्या ठोकळ्यावरचा नंबर

आरीबाईच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला. पाणी हवंय का? हो. पोट भरलं का? हो. खिडकी लावू की उघडी ठेवू? हो. ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकांना सडेतोड ‘नाही’ ऐकवलं, त्याच्यावर ही वेळ आली होती.

आरीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. जुन्या गाड्यांच्या चामडी बैठका ती हाताने शिवायची, चामडं टोचायची आरी सदा बोटांत, म्हणून ते नाव चिकटलं. वडील गाड्यांचे उस्ताद. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्या, आणि दोघांचा संसार एवढाच. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ती जर्मन गाडी. लांब नाक, दोनच माणसांची जागा, वर कापडी छप्पर. असल्या रोडस्टर मुळातच मोजक्या बनल्या होत्या आणि चालू स्थितीतल्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. उस्तादांनी ती कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यातून उचलून आणली होती. पहिल्या दिवशी चालकाच्या बैठकीतून चार अंडी निघाली. मग बावीस वर्षं ते तिच्यात हात घालून बसले.

विकायची नव्हतीच ती. पण डॉक्टर म्हणाल्या, “वाचा परत यायची असेल तर पहिले सहा महिने महत्त्वाचे. चार तुम्ही घालवलेत.” एक केंद्र होतं, तिथे ठेवून घेऊन बोलणं पुन्हा शिकवत. तिथली एक खाट महिनाअखेरपर्यंत वडिलांच्या नावाने धरून ठेवली होती. वर्षभराची फी आगाऊ. आरीबाईने चाळीस बैठका शिवल्या असत्या तरी ती रक्कम उभी राहिली नसती.

म्हणून तिने एक दलाल गाठला आणि त्याने जुन्या गाड्यांच्या संग्राहकांना फोटो पाठवले. बरेच जण हळहळले, दोघे येतो म्हणाले नि आलेच नाहीत. खरा गळाला लागला तो एक दातांचा डॉक्टर. त्याच्याकडे अकरा जुन्या गाड्या होत्या. त्याने एकच गोष्ट मागितली. चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर आणि इंजिनाचा नंबर जुळत असला तर मागाल ती किंमत. मूळचं इंजिन नसलं तर मला रस नाही.

आरीबाईने बॉनेट उघडलं, चिंधीने तेल पुसलं. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्याच्या डाव्या अंगाला नंबराची सपाट जागा असते. ती गुळगुळीत होती. एक आकडा नाही.

ती तशीच धावत कोपऱ्यावरच्या खरादीकाकांकडे गेली. ते वडिलांचे जुने सोबती.

“अगं, मूळचा ठोकळा तडकला होता,” ते म्हणाले. “तू शाळेत होतीस. भंगारात घातला आम्ही. मग तुझ्या बापाने त्याच बनावटीचा एक कोरा ठोकळा शोधून काढला. पेटीतून न काढलेला. नाचला होता त्या दिवशी!”

“मग त्यावर नंबर का नाही घातला?”

“मी म्हटलं होतं घाल. काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, त्याचा नंबर त्याच्याबरोबर गेला.”

ती परत आली तेव्हा दलाल स्टुलावर बसून पाय हलवत होता. सगळं ऐकून तो हसला. “म्हणजे कोरी जागा आहे! ताई, लोक खोटा नंबर घालायला खरा घासून काढतात. तुम्हाला देवाने कोरी पाटी दिलीय. चासीवरचेच सहा आकडे ठोकायचे. आकड्यांचे लोखंडी ठसे उस्तादांच्या खणात असतीलच.”

“आणि कळलं तर?”

“कुणाला? ज्याला ठाऊक आहे त्याला बोलता येत नाही.”

हे बोलल्यावर त्यालाही जरा चरकल्यासारखं झालं असावं, कारण तो लगेच उठून गेला.

दोन दिवस तिने इतर दारं ठोठावली. केंद्राला फोन केला. मुदत वाढत नाही म्हणाले. दुसरे दोन संग्राहक शोधले. त्यांनीही पहिला प्रश्न नंबराचाच केला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने वडिलांची खुर्ची गॅरेजमध्ये ओढून आणली, ठशांची पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि समोर उकिडवी बसली.

“बाबा, इंजिनावर नंबर घालते. चालेल ना?”

“हो.”

“तुमच्यासाठीच करतेय. कळतंय ना?”

“हो.”

त्या ‘हो’ला काडीचा अर्थ नव्हता हे तिला ठाऊक होतं. तरी बुडत्याने काडी धरावी तशी तिने तो धरला. वडिलांकडे पाठ करून ती इंजिनावर वाकली. पहिला ठसा लावला, हातोडी मारली. मागून घशातली घरघर आली. तिने वळून पाहिलं नाही. सहा ठसे, सहा घाव. मग नव्या घावांची चमक लपावी म्हणून आकड्यांत जुनं तेल आणि काजळी भरली. तिची शिवण कधी सुतभर हलली नव्हती, पण शेवटचा आकडा जरा तिरका बसला.

वडिलांची मांडी भिजली होती. तिने त्यांचे कपडे बदलले. ते तिच्याकडे बघत राहिले आणि ती नाडीच्या गाठीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातांचा डॉक्टर आला. बुटका, नीटनेटका, खिशातून दात बघायचा इवलासा आरसा काढून तो गाडीखाली शिरला. तासभर नुसता “वा, वा” ऐकू येत होता. बैठकीवर हात फिरवून म्हणाला, “ही शिवण कुणाची?”

“माझी.”

“यंत्राला जमणार नाही अशी आहे.”

शेवटी तो इंजिनावर वाकला. नंबरावर बॅटरी धरली. बराच वेळ धरली. दलाल छताकडे बघत होता.

“शेवटचा आकडा मला जरा खटकतोय,” डॉक्टर म्हणाला. “पण मी काय, दातांचा माणूस.” तो उस्तादांच्या खुर्चीपाशी गेला आणि चक्क गुडघ्यावर बसला. “उस्ताद, तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे सांगतात. तुम्ही सांगाल ते मी मानेन. हे इंजिन मूळचंच ना?”

“हो,” उस्ताद म्हणाले. आणि त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी घळघळ वाहू लागलं. ते डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटू लागले. “हो. हो. हो.”

“बघा, भरून आलं त्यांना,” दलाल घाईघाईने म्हणाला.

डॉक्टरही गहिवरला होता. त्याने कागद काढले. आरीबाईला वाटलं, सही करावी. एक सही, आणि उद्या बाबा केंद्रात. तिने पेन हातात घेतलंसुद्धा. पण तो हात काही थांबेना. दांड्यावर थाड थाड आपटतच होता, बोटांची सालं निघाली तरी.

“ते नाही म्हणताहेत,” ती म्हणाली.

“काय?”

“त्यांना दुसरा शब्द येत नाही. नंबर मी घातलाय. काल दुपारी.”

दलालाने कपाळाला हात लावला. डॉक्टरचा चेहरा आधी लाल, मग पांढरा पडला. तो उठला, गुडघे झटकले.

“कोरा ठेवला असतात ना,” तो हळू आवाजात म्हणाला, “तरी निदान विचार केला असता. आता हिच्याकडे कोण विश्वासाने बघेल? बापाच्या बावीस वर्षांवर डाग पाडलात हो तुम्ही.”

त्याने आरसा खिशात घातला आणि गेला. मागोमाग दलालही गेला. जाताना गॅरेजचं दार इतकं आपटलं की भिंतीवर टांगलेले पाने खाली पडले. ही बातमी संग्राहकांत वाऱ्यासारखी पसरली. फोन वाजायचा बंद झाला. महिना संपला. केंद्रातली खाट दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढे तीन आठवड्यांनी एक बाई आली. तिला प्रदर्शनात मिरवायचं नव्हतं, गाडी चालवायची होती. आरीबाईने आधी बॉनेट उघडून नंबर दाखवला, सगळं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं आणि निम्म्याहून कमी किंमत सांगितली. आरीबाई ताणून धरायच्या परिस्थितीत नव्हती. गाडी गेली. उस्तादांनी मान वळवून कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत पाहिलं. गाडी दिसेनाशी झाली तरी मान तशीच होती. शेवटी ती तिने हाताने सरळ केली.

त्या पैशांत आठवड्यातून दोनदा घरी येऊन बोलायला शिकवणारी एक शिक्षिका ठेवता आली. बाबांच्या डॉक्टर म्हणाल्या, बघू, आता उशीर झालाय. आरीबाईने केंद्राला पुन्हा फोन लावला. यादीत तुमचा नंबर अकरावा, पलीकडून उत्तर आलं.

“लिहून ठेवा,” ती म्हणाली. “अकरावा तर अकरावा.”

फोन ठेवून ती आत गेली. बाबांना कूस बदलून द्यायची वेळ झाली होती.