आठ अक्षरांचा पायगुण

“सून घरात आली आन आठ दिवसांत मशीन चारदा बसली. ह्याला पायगुण न्हाई तर काय म्हणायचं? रेवणसिद्धा, सव्वा महिना तिला दुकानाची पायरी उतरू देऊ नको!”

हे आत्याबाई आपल्या भावाला म्हणाल्या आणि ज्या दोघींनी ऐकायचं नव्हतं, नेमकं त्याच दोघींनी ऐकलं. एक अंबिका, चहाचा ट्रे घेऊन जिन्यावर थबकलेली नवी सून. दुसरी मी. मी क्रॅश डंप फाइल बोलतेय. हसू नका, बारशातच असं नाव पडलं.

माझा जन्म लातुरातल्या एका रंगाच्या दुकानात, सकाळी अकरा बेचाळीसला. वर घर, खाली दुकान. तिथं कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं, शेड निवडायची, की मशीन पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग सोडते. त्या दिवशी हिरवा सोडता सोडता प्रोग्राम गचकला. आणि प्रोग्राम मरतो त्या क्षणी मी जन्मते! आई जाते, लेक उरते. लेकीच्या पोटात आईचा शेवटचा क्षण जसाच्या तसा. त्यातही खासगी म्हणजे रजिस्टर. वही नव्हे हो! प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या इवल्याशा वाट्या. आत्ता लागेल तेवढंच त्यांत ठेवायचं: एखादा आकडा, नाही तर पुढं कुठं जायचं तो पत्ता.

अशा आम्ही चौघी बहिणी जन्मलो. आम्हाला कुणी उघडलं नाही. मशीनला लिंबू-मिरची मात्र बांधली. मला उगाच नव्या गाडीसारखं वाटलं.

शेवटी अंबिकाच्या नवऱ्यानं, अमरनाथनं, आम्हाला पेनड्राइव्हवर घेतलं आणि खिशातल्या शेंगदाण्यांत टाकलं. तिला खाली यायची बंदी, म्हणून आमचंच वऱ्हाड वर निघालं! जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आत्याबाई लसूण सोलत बसलेल्या. लसूण निमित्ताला, खरा पहारा.

“खिशात काय रे?”

“शेंगदाणे, आत्या.”

“आण की मग.”

मूठभर शेंगदाणे कामी आले, आम्ही वाचलो.

अंबिका विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेली. तोंडानं कमी बोलते, बोटांनी पुष्कळ. तिनं मला डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या प्रोग्राममध्ये, उघडलं आणि अगं बाई, काय गुदगुल्या! एकेका वाटीत ती डोकावून बघायला लागली. एकीत शून्य. एकीत पत्ता, तोही धड. आरबीएक्स नावाच्या वाटीशी मात्र ती थांबली. तिथं रंगाची कृती जिथं ठेवलीय तिथला पत्ता हवा होता. होतं भलतंच काही.

“हा पत्ता न्हाई,” ती पुटपुटली. “ही अक्षरं हायत.”

इंग्रजी अक्षरं, आठ, उलटी बसलेली. तिनं कागदावर एकेक सुलटं मांडलं. बी, आय, एल, ओ, एल, आय, के, ए. पुढचा आर तेवढा मावला नव्हता.

बिलोलीकर! तिचं माहेरचं आडनाव.

अमरनाथचा शेंगदाणा हातातच राहिला. “म्हंजे... आत्या बरोबर म्हणायलीय?”

अंबिकाचाही चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं विचारलं, “तुम्ही पाहुण्यांत अडकला होता तेव्हा नावं कोण टाकत होतं?”

“अप्पा.”

आणि ती अशी हसली, अशी हसली, की लॅपटॉप मांडीवरून घसरायला आला.

अप्पा म्हणजे तिचे सासरे, रेवणसिद्ध. अमरनाथ गिऱ्हाइकाचं नुसतं ‘पाटील’ टाकून मोकळा होतो. अप्पा मान दिल्याशिवाय कुणाला रंग देत नाहीत. व्याह्यांच्या ओसरीचा डबा कालवताना त्यांनी इंग्रजीत टाइप केलं होतं: श्री वैजनाथराव साहेब बिलोलीकर. नावाची चौकट चोवीस अक्षरांची, आणि ती बनवणाऱ्याला लातूरचा मान ठाऊक नसावा. ‘साहेब’पाशी जागा संपली आणि बिलोलीकर उतू जाऊन शेजारच्या पत्त्यावर सांडले. तोच पत्ता वाटीत आला. माझी आई रंगाची कृती शोधत निघाली, ती सरळ बिलोलीच्या वाटेला लागली! बाकी बहिणींच्या पोटात निघाले एक ‘गुरुजी’, एक ‘मुरुडकर’ आणि आणखी एक ‘साहेब’.

संध्याकाळी अमरनाथनं खाली जाऊन नुसतं ‘वैजनाथ’ टाकलं. मशीननं डब्यात हिरवा सोडला, एक थेंब न चुकता.

अप्पांचा जीव मात्र खालीवर. “व्याह्याला नुसतं वैजनाथ? बिलोलीला कळलं तर काय म्हणतील?”

पायरीवरून आत्याबाई फुटल्या, “मी म्हणलं नव्हतं? निघालं ना तिच्याच माहेरचं!”

माझं काम झालं. आता मी लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात आहे, उद्या पुसलीही जाईन. एवढंच मागते: काही बंद पडलं तर लिंबू बांधण्याआधी एकदा आमच्या पोटात डोकावून बघा. नव्या सुनेच्या पावलांना तेवढीच उसंत.

जाता जाता अंबिकाचं बोलणं सांगते. लग्नापासून ती या घरात थोरामोठ्यांसमोर ‘हो’ आणि ‘आणते’ एवढंच बोलली होती. ती जिना उतरत आली, आत्याबाईंच्या मागच्या पायरीवर थांबली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

“अप्पा, मशीनला रंग कळतो, मान कळत न्हाई. साहेब म्हणायचं ते माझे बाबा जेवायला आल्यावर म्हणा, दोन पोळ्या जास्त खातील. आन आत्याबाई, जरा सरकता का? मला दुकानात जायचंय.”