कातळावरचे शेवटचे पाणी

श्रावण होता, आणि श्रावणात पाऊस नव्हता.

सड्यावर ऊन पसरले होते. पिवळे, तापलेले, निर्दय ऊन. जांभ्या कातळाच्या त्या अफाट पठारावर सीतेची आसवं फुलली होती. निळीजांभळी, ओलाव्याच्या भरवशावर उगवलेली, आणि उगवल्या जागीच माना टाकत होती. पश्चिमेकडून ढग येत. शुभ्र, निर्जल, आळसावलेले ढग. येत, थबकत, आणि खाली कुणी ओळखीचे नसल्यासारखे निघून जात.

चैत्राली तोडणकर त्या ढगांकडे पाहून पाहून थकली होती.

ती विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होती. तिने आणि रेहाना मुकादमने मिळून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेतला होता: सड्यावरच्या पावसाळी डबक्यांत बेडकांची पिल्ले जगतात किती आणि मरतात किती. घेताना तो प्रश्न किती स्वच्छ वाटला होता! आषाढसरींत भिजत दोघींनी डबकी निवडली. पाण्याखाली झुलणारी अंड्यांची पारदर्शक माळ पाहिली. त्या माळेतला एकेक काळा मणी थरथरताना पाहिला, आणि एका सकाळी सारी माळ तुटून पाणीभर विखुरलेली, वळवळणारी, जिवंत झालेली पाहिली. त्या सकाळी दोघी लहान मुलींसारख्या हसल्या होत्या.

मग पाऊस थांबला आणि डबकी आटू लागली. एक आटले, दुसरे आटले. तळाशी उरली ती तडकलेली माती, आणि त्या मातीवर वाळून चिकटलेले काळे ठिपके. रेहाना ते ठिपके मोजायची. चैत्राली मोजता मोजता थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, पुन्हा थांबायची.

आता एकच डबके उरले होते.

त्याचे पाणी पाणी राहिले नव्हते. कोमट, गढूळ, दाटलेला काढा झाला होता. त्यात पिल्ले खांद्याला खांदा लावून दाटली होती. मागचे पाय फुटले होते, केसाएवढे बारीक, काचेसारखे नाजूक. पुढचे अजून फुटायचे होते. जमीन हाकेच्या अंतरावर होती, आणि जमिनीवर यायला पाय नव्हते. पाणी सरत होते, आणि पाय येत नव्हते. ती पृष्ठभागाशी तोंड आणून हवा गिळत, खाली जात, पुन्हा वर येत. वर येत, खाली जात. चैत्रालीला वाटले, आपलाच श्वास त्या काळ्या तोंडांतून आतबाहेर होतो आहे.

"दोन कळशा पाणी घातलं तर जगतील," ती म्हणाली.

रेहाना उकिडवी बसली होती. तिने मान वर केली नाही. "आणि मग आपण काय सांगायचं? पाऊस थांबल्यावर काय होतं, हाच तर आपला प्रश्न आहे. मरण हेही उत्तरच आहे, चैतू."

"तुला बघवतं?"

"नाही बघवत," रेहाना म्हणाली. तिचा आवाज कातळासारखा होता, वरून टणक आणि आत भोकाभोकांचा. "पण हे डबकं बिघडलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोघींना थांबावं लागेल. तुला आणि मलाही. हात लावू नकोस."

ती उठली आणि गावातल्या खोलीकडे निघून गेली. तिची आकृती उन्हात विरघळेपर्यंत चैत्राली पाहत राहिली.

आणि मग ती धावत सुटली. सड्याच्या कडेवरून, करवंदीच्या जाळ्यांतून, ओरखडे घेत, खाली भागीरथीकाकीच्या घरापर्यंत. काकी म्हशी राखून, दूध घालून एकटीच राहायची.

"काकी, कळशी द्याल?"

"एवढ्या उनात पानी कुठं नेतंस गो बाय?"

"सड्यावर. बेडकांना."

काकीने तिच्याकडे पाहिले. हसली नाही. कोपऱ्यातली कळशी उचलून तिच्या हातात दिली.

विहिरीपासून सड्यापर्यंत उभी चढण. चैत्राली चढली, उतरली, पुन्हा चढली. कंबर दुखू लागली, तळहात सोलवटले, मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. प्रत्येक खेपेला ती कळशी उन्हात कोमट होऊ देई, आणि मग हलकेच, एखाद्या झोपलेल्या मुलाला पांघरूण घालावे तशी, कडेकडेने पाणी सोडी. डबके भरू लागले. गढूळपण विरले. दाटलेली पिल्ले सैल झाली, पांगली, तळाशी पोहू लागली. निळे आकाश त्या पाण्यात उतरले, आणि चैत्राली कातळावर बसून रडली. सुखाने की भयाने, तिचे तिलाही कळले नाही.

संध्याकाळी तिने रेहानाला सांगितले. रेहानाने पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी सड्यावर चढल्या, पुढेमागे, अबोल. आणि वर येताच चैत्राली जागच्या जागी थिजली.

डबक्यात म्हशी बसल्या होत्या.

साऱ्या तहानलेल्या पठारावर तेवढेच एक पाणी चमकत होते, आणि त्या चमकेने त्यांना बोलावून घेतले होते. कृष्णकाय, तृप्त, अर्धोन्मीलित डोळ्यांच्या म्हशी. चैत्राली ओरडत धावली. एका म्हशीला शिंगाला धरून ओढू लागली, ओल्या पाठीवर मुठी आपटू लागली. म्हशीने शेपूट उडवले, चिखलाचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडाले, आणि ती तशीच बसून राहिली.

भागीरथीकाकी काठी घेऊन आली. तिने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, तशा म्हशी एकेक करून उठल्या. उठताना डबके ढवळून निघाले, तुडवले गेले, काठाबाहेर सांडले.

"मी जरा कडेच्या झाडाखाली टेकले गो," काकी पुटपुटली. "पानी दिसल्यावर म्हस बसनारच. तिला काय ठावं?"

डबक्याच्या जागी चिखल होता, केवळ चिखल. लालकाळा, घुसळलेला, निमूट. चैत्राली त्यात गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी तो चाचपू लागली. बोटांना मऊ, निश्चल काहीतरी लागे, आणि ती हात मागे घेई.

"मी आणलं म्हशींना," ती म्हणाली. "मीच पाणी घातलं, रेहाना. मीच."

रेहानाही चिखलात उतरली. मैत्रिणीची दोन्ही मनगटे तिने धरली, घट्ट, आणि धरूनच ठेवली.

"विद्यापीठात सरांना काय सांगायचं?" चैत्रालीने विचारले.

"झालं तेच. दोघी मिळून सांगू."

तेवढ्यात रेहानाची नजर खाली गेली आणि तिची पकड सैल झाली. म्हशीच्या खुराचा खोल ठसा होता. त्यात ओंजळभर पाणी साचले होते, आणि त्या पाण्यात एक काळे तोंड हवा गिळायला वर आले. शेजारच्या ठशात आणखी एक. त्यापलीकडच्यात काहीच नाही. त्यापलीकडच्यातही नाही.

ऊन अजून उतरले नव्हते. डबक्याजवळ सावली कुठेच नव्हती. रेहानाने डोक्यावरची हिरवी ओढणी काढली. एक टोक आपण धरले, दुसरे चैत्रालीच्या चिखलाळ हातात दिले. दोघी समोरासमोर ओणव्या राहिल्या, हात भरून आले तरी राहिल्या. आणि त्या पातळ, हलत्या, हिरव्या छायेखाली खुराएवढे पाणी, पापणीएवढे पाणी, थेंबाथेंबाने आटत राहिले.